‘मंडे’मधला ओ: वर्गात सांगितलेली एक खरी गोष्ट आणि तिचे चुकीचे शब्द

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावातली ही प्राथमिक शाळा. मी तिथे ‘इयर टू’ला, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवते. वर्गात ३० मुलं. त्यातला एक मुलगा मराठी घरातला होता. त्याला इथे ईशान म्हणते. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

ईशान घरी मराठी वाचायला शिकत होता. आजी रोज व्हिडिओ कॉलवर बाराखडी घ्यायची. त्यामुळे कानाला येईल ते अक्षर कागदावर उतरवायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. इंग्रजीचं फोनिक्सही, म्हणजे आवाजावरून अक्षर लिहायची पद्धत, पहिल्या वर्षी हेच शिकवतं, म्हणून तोवर त्याचं उत्तम चाललं होतं.

इथल्या उच्चारांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इथली मुलं ‘लव्ह’ म्हणत नाहीत, ‘लुव्ह’ म्हणतात. ‘मदर’ नाही, ‘मुदर’. सोमवारला ‘मुंडे’. दक्षिण इंग्लंडमध्ये १७व्या शतकात हा ऱ्हस्व उ ‘अ’कडे सरकला आणि पाठ्यपुस्तकी उच्चार तिथून आले. उत्तरेकडे तो सरकलाच नाही. मध्ययुगातला उ इथल्या मुलांच्या तोंडी अजून जिवंत आहे. ईशान मात्र घरी बाबांकडून ‘मंडे’ ऐकायचा आणि शाळेत ‘मुंडे’.

अडचण

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्पेलिंगचं एक परिशिष्ट आहे. त्यात कोणत्या इयत्तेत काय शिकवायचं हे शब्दांसकट दिलेलं आहे. ‘इयर टू’मध्ये एक घटक असा: हा ‘अ’चा आवाज ‘ओ’ या अक्षराने लिहिला जातो. उदाहरणं पाच: अदर, मदर, ब्रदर, नथिंग, मंडे.

शुक्रवारच्या चाचणीत ईशानने पाचही शब्द ‘यू’ घालून लिहिले. सोमवार लिहिला तो एम-यू-एन-डी-ए-वाय. पुढच्या आठवड्यात गोष्ट लिहायची होती. त्याने लिहिलं की एका शेतकऱ्याला तीन मुलगे होते. मुलगा म्हणजे ‘सन’, आणि ते त्याने लिहिलं एस-यू-एन. शेजारच्या मुलीने वाचलं आणि शेतकऱ्याचे तीन सूर्य म्हणून मोठ्याने हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ईशानने पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर साधारण दोन आठवडे तो फक्त खात्रीचे शब्द लिहायचा. कॅट, डॉग, बिग, रेड. तोंडी गोष्ट सांगताना राजे, वादळं, समुद्र सगळं यायचं. वहीत एक मांजर आणि एक कुत्रा. त्याने मला एकदाच विचारलं, “मिस, ऐकू येतो यू. मग ओ का लिहायचा? कोणी ठरवलं?”

शाळा सुटताना त्याचे बाबा भेटले. म्हणाले, “ताई, आम्ही सांगितलंय त्याला की हे मराठीसारखं नसतं, पाठच करावं लागतं. पण तो म्हणतो, कारण सांगा.”

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: हा अपवाद आहे, पाठ कर. आदल्या वर्षी लव्ह, कम, सम हे शब्द असेच, ‘अपवाद’ म्हणून भिंतीवर लावून शिकवलेले होते. वेळ वाचतो आणि बहुतेक मुलांना पुरतंही. पण ईशानला पाठ होत नव्हतं असं नाही. अक्षरांवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

दुसरा पर्याय अभ्यासक्रमाचा: पाच शब्द एकत्र दाखवायचे, एकाच आवाजाचं कुटुंब म्हणून सराव घ्यायचा आणि कारणात शिरायचं नाही. आमच्या शाळेत फोनिक्सचं काम बघणाऱ्या सहकारी बाईंचं मत ठाम होतं. सात वर्षांच्या मुलाला इतिहास सांगितला की त्याला इतिहास लक्षात राहतो, स्पेलिंग नाही, असं त्या म्हणाल्या. मला तेव्हा ते कोरडं वाटलं.

तिसरा पर्याय माझ्या आवडीचा होता. मध्ययुगीन लेखनिकांची गोष्ट सांगायची. मी कॅलिग्राफी शिकताना ती ऐकली होती आणि तेव्हापासून ती माझ्यासोबत होती. तिची थोडी फोड करते.

१२व्या शतकानंतर युरोपभर जी दाट, टोकदार गॉथिक लिपी रूढ झाली, तिच्यात बरीचशी अक्षरं एकाच घटकाची बनलेली असतात. तो घटक म्हणजे आखूड उभी रेघ, तिला ‘मिनिम’ म्हणतात. आपला काना आखूड केला आणि शिरोरेघ काढून टाकली तर जसा दिसेल, तसा. आय म्हणजे एक काडी. एन म्हणजे दोन. यू म्हणजेही दोन. एम म्हणजे तीन. व्ही आणि यू तेव्हा एकच अक्षर होतं. शब्दाच्या सुरुवातीला टोकदार आकार, मध्ये गोल. डब्ल्यू म्हणजे नावाप्रमाणेच दुहेरी यू. चपट्या टोकाची पिसाची लेखणी, काड्यांमधलं सारखं अंतर, जोडरेघा केसासारख्या बारीक किंवा गायब. ‘मिनिम’ हा शब्दच त्या लिपीत लिहिला तर ओळीने दहा काड्या दिसतात. ‘मिनिमम’ लिहिला तर पंधरा. आयच्या डोक्यावर तिरकी बारीक रेघ द्यायची पद्धत त्याआधीच, ११व्या शतकाच्या सुमारास सुरू झाली होती, ती या काड्यांच्या जंगलात वाट सापडावी म्हणून. आजचा आयवरचा टिंब तिचाच वंशज.

आता जुन्या इंग्रजीत मुलाला ‘सुनु’ म्हणत, पुढे त्याचं ‘सुने’ झालं. एस, मग यूच्या दोन काड्या, एनच्या दोन, मग ई. मधल्या चार सारख्या काड्या यू-एन वाचायच्या, एन-यू, आय-एम की एम-आय? यूच्या जागी गोल ओ ठेवला की डोळ्याला थांबा मिळतो आणि उरतात दोनच काड्या. ‘येणे’साठी ‘कुमन’ होतं. त्यातल्या यू आणि एमच्या पाच काड्यांच्या तीन झाल्या. प्रेमासाठी ‘लुफु’ होतं, पुढे ते दोन यू शेजारी ठेवून लिहिलं जाऊ लागलं, म्हणजे पुन्हा चार काड्या. तिथेही पहिल्या यूचा ओ झाला. उच्चार ‘उ’च राहिला, अक्षर बदललं.

माझ्या आजोबांच्या दप्तरात मोडीतलं एक खरेदीखत होतं. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नसत, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. वाचणारा संदर्भाने वाचत जायचा. हात भरभर चालावा म्हणून लिपीने केलेली सोय मी लहानपणी पाहिली होती. म्हणूनही असेल, ही इंग्रजी लेखनिकांची गोष्ट मला घरची वाटली.

मी तिसरा पर्याय निवडला. ईशानला त्याची गरज होती हे खरं. मला ती गोष्ट सांगायची होती, हेही तितकंच खरं.

काय केलं

दोन तास ठेवले. मुलांना चपट्या टोकाचे मार्कर दिले आणि फक्त काड्या काढायला सांगितल्या: समान उंची, समान अंतर. मग मी फळ्यावर पंधरा काड्या काढल्या आणि म्हटलं, हा एक शब्द आहे, वाचा. वर्गात एकच गलका झाला. एकजण म्हणाला, कुंपण आहे. एकीने तुरुंगाचे गज म्हटलं. मी तो शब्द ‘मिनिमम’ आहे असं सांगितलं तेव्हा त्यांनी एकेक काडी मोजून खात्री केली.

मग ‘सुने’ तसाच लिहिला आणि शेजारी ओ घालून. कोणता पटकन वाचता येतो? सगळे हात ओच्या बाजूला. ईशान पहिल्यांदाच मोठ्याने बोलला: “म्हणजे ऐकणारा चुकला नव्हता. वाचणाऱ्याला मदत केली.” मी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी वर्षाच्या यादीकडे वळले. अदर, मदर, ब्रदर, नथिंग, मंडे हे पाच शब्द फळ्यावर लिहिले आणि सांगितलं, यांच्यातही हेच झालं. मंडे तर किती स्पष्ट! एमच्या तीन काड्या, मग यूच्या दोन, एनच्या दोन, एकूण सात. म्हणून ओ आला.

हे मी न तपासता सांगितलं.

जिथे ते अडलं

पहिली अडचण चाचणीत दिसली. पाच शब्द बऱ्याच मुलांनी बरोबर लिहिले, ईशानने पाचही. पण त्याच कागदांवर ‘रन’ आर-ओ-एन असं येऊ लागलं. ‘फनी’त ओ, ‘अंब्रेला’च्या सुरुवातीला ओ. काड्या दिसल्या की ओ, असा नियमच मुलांनी बनवून टाकला होता. त्यांच्या बाजूने ते अगदी तर्कशुद्ध होतं. मी सांगितलेल्या गोष्टीत असं न करण्याचं काही कारणच नव्हतं.

दुसरी अडचण ईशानने आणली. तो ‘ब्रदर’ शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे आला. “मिस, इथे काड्या कुठे आहेत? आर एक, मग टी, एच. टीला टोपी आहे, एच उंच आहे. इथे यू लिहिला असता तरी वाचता आलं असतं.”

बरोबर होतं. ‘अदर’मध्ये तर ओच्या आधी काहीच नाही.

इथे पहिल्यांदा मी थांबले, आणि या सगळ्या प्रकरणात निर्णायक क्षण हाच होता असं मला वाटतं. “बाकीच्या शब्दांचं बघून यांचंही तसं झालं असेल” असं काहीतरी जागच्या जागी रचून सांगता आलं असतं. तोंडात आलंही होतं. मी त्याला म्हटलं, “मला माहीत नाही. बघून सांगते.”

घरी येऊन व्युत्पत्तिकोश काढला. मदर: जुन्या इंग्रजीत ‘मोदोर’, दीर्घ ओ. ब्रदर: ‘ब्रोथोर’, दीर्घ ओ. अदर: ‘ओथेर’, पुन्हा दीर्घ ओ. नथिंग: ‘नान’ आणि ‘थिंग’, दीर्घ आ होता, तो पुढे ओ झाला. उरला मंडे, ज्यावर माझा सगळा डोलारा उभा होता. तो ‘मोनानदेग’, म्हणजे चंद्राचा दिवस. चंद्राला ‘मोना’, दीर्घ ओ.

पाचपैकी एकाही शब्दात यूचा ओ झालेला नव्हता. चारांत ओ पहिल्यापासून होता, नथिंगमध्ये तो ‘आ’पासून आला. पुढे बदलला तो उच्चार. ओ आधी ऊकडे सरकला, मग ऱ्हस्व झाला आणि दक्षिणेत शेवटी ‘अ’ झाला. अक्षर जागेवर राहिलं. माझी गोष्ट खरी होती, पण नेमक्या या पाच शब्दांची नव्हती. ज्या तीन शब्दांना ती लागू होती, लव्ह, कम आणि सम, ते आम्ही आदल्या वर्षी ‘अपवाद’ म्हणून कारणाशिवाय पाठ करून घेतले होते. हे लक्षात आलं तेव्हा मी कोश मिटून बराच वेळ तशीच बसले.

दुरुस्ती

सहामाहीची सुट्टी लागली होती. जवळच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन तिथल्या अभिलेखपालांना मी सगळं सांगितलं. त्यांनी १५व्या शतकातल्या एका इंग्रजी मृत्युपत्राची प्रत समोर ठेवली. त्यात मृत्युपत्र करणाऱ्याने मुलाला काही दिलेलं होतं. मुलगा हा शब्द ओ घालून लिहिलेला, पण शेजारचा एन आणि दुसऱ्या ओळीतला यू यांच्यात फरक करता येत नव्हता. लव्हमधला व्ही तिथे यूच होता. त्यांनी मला दोन गोष्टी समजावल्या.

पहिली: काड्यांचा गोंधळ हे कारण खरं असलं तरी एकटं पुरत नाही. १०६६ नंतर नॉर्मन राज्य आलं, आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांना ‘उ’च्या आवाजासाठी ओ लिहिण्याची आधीच सवय होती. त्यांनी ही सोय शोधून काढलेली नाही. हाताशी होती ती वापरली. यातलं कोणतं कारण किती वजनाचं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

दुसरी: लेखनिक एका नियमाने चालत नसत. चॉसर या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, म्हणजे १४व्या शतकाच्या शेवटी, सूर्यसुद्धा ओने लिहिलेला आहे. म्हणजे मुलगा आणि सूर्य दोघेही तेव्हा ओवाले होते. पुढे सूर्य यूकडे परतला, मुलगा ओपाशी राहिला. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हाही एकाच शब्दाची अनेक रूपं चालत होती. ती स्थिरावायला पुढची दोनशे वर्षं लागली. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि १९६२ मध्ये शासनाने ते मान्य केले, तेव्हा ‘नांव’ आणि ‘कांहीं’वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. इंग्रजीत असं ठरवणारं कोणी नव्हतंच. ईशानच्या “कोणी ठरवलं?” या प्रश्नाचं उत्तर मला त्या टेबलाशी मिळालं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मुलांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली होती, ती ईशानमुळे सापडली. भिंतीवर तीन कागद लावले. पहिल्यावर ‘काड्यांचे ओ’: सन म्हणजे मुलगा, कम, सम, लव्ह, वंडर, हनी, मंक. दुसऱ्यावर ‘म्हातारे ओ’: मदर, ब्रदर, अदर, नथिंग, मंडे, मंथ, डन, ग्लव्ह. तिसऱ्यावर ‘यू राहिला’: सन म्हणजे सूर्य, रन, फन, हंट, अंडर. लव्ह आणि ग्लव्ह यांचं यमक जुळतं तरी ते दोन वेगळ्या कागदांवर का, यावर मुलांनी बराच वाद घातला. ‘लुफु’ आणि ‘ग्लोफ’ हे जुने उच्चार तोंडाने म्हणून पाहिल्यावर पटलं.

सहकारी बाईंनी एक सूचना केली आणि ती मी मानली: स्पेलिंगचा सराव कागदांच्या क्रमाने न घेता रोजच्या वाक्यांमधून घ्यायचा, म्हणजे मुलं कारण शोधत बसणार नाहीत. इतिहास आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं.

निष्पन्न

‘रन’मधला ओ जायला महिना लागला. एका मुलीच्या वहीत तो वर्ष संपेपर्यंत अधूनमधून दिसायचा. गोष्ट सांगितली नसती तर ही चूक झालीच नसती, हे मला मान्य करावं लागतं.

ईशान लिहू लागला. चुका करत, खोडत, पण राजे आणि वादळं वहीत आली. शंका वाटेल त्या शब्दाखाली तो बारीक काड्या काढून मोजायचा. बाबांनी सांगितलं की एके दिवशी त्याने आजीलाच विचारलं, “आजी, चहातला च आणि चंद्रातला च वेगळा ऐकू येतो. मग अक्षर एकच का?” आजी म्हणाल्या, “बाळा, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.” मराठीत बोलतो तसंच लिहितो हा घरातला समज त्या दिवशी थोडा हलला, असं बाबा म्हणाले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्रत्येक शब्द वर्गात नेण्यापूर्वी कोशात पाहायला हवा होता. पाच शब्दांना वीस मिनिटं लागली असती. एम-ओ-एन हा क्रम इतका फसवा आहे की ज्याला काड्यांची गोष्ट आवडते, तो मंडेवर हमखास घसरतो. मी घसरले कारण मला गोष्ट आवडत होती.

दुसरं, ‘रन’ आणि ‘सूर्य’ पहिल्याच तासाला फळ्यावर यायला हवे होते. कुठे लागू होत नाही ते सोबत दाखवलं असतं तर मुलांनी त्याचा नियम केला नसता.

तिसऱ्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. ३० मुलांपैकी कारण एकालाच हवं होतं. ती गोष्ट फक्त त्याला, मधल्या सुट्टीत, एका कागदावर सांगता आली असती. बाकीच्यांचा तो महिना वाचला असता. पण मग भिंतीपाशी उभं राहून लव्ह-ग्लव्हवर भांडणारी मुलं मला दिसली नसती. पुन्हा वेळ आली तर बहुधा सगळ्यांनाच सांगेन, पण योग्य शब्द घेऊन.

यंदा ईशान वरच्या वर्गात आहे. गेल्या आठवड्यात तो दोन चिठ्ठ्या घेऊन आला: एक ‘मनी’, एक ‘मंकी’. मनीचा ओ जुन्या फ्रेंचमधूनच आलेला, म्हणून त्यासाठी आम्ही चौथा कागद लावला. मंकी १६व्या शतकात इंग्रजीत दिसू लागतो आणि त्याचं मूळ नक्की नाही. कोणत्या कागदावर लावायचं हे ठरेना, तेव्हा त्याने ती चिठ्ठी चारही कागदांच्या बाहेर, नुसत्या भिंतीवर चिकटवली. अजून तिथेच आहे.